अर्ध्या जिन्यावरून परत फिरणाऱ्या बायका

दीपमाला पाच-सहा वर्षांची असताना तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात हरवली. तिचे वडील पुंजाराम खरात गावातल्याच शाळेत शिपाई होते. त्यांनी सगळा बाजार पालथा घातला, तेव्हा पोरगी सापडली ती कासाराच्या पालात. रडत-बिडत नव्हती. बांगड्या भरणाऱ्या कासाराच्या हाताकडे टक लावून बसली होती. बापाला पाहिल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "आबा, ह्यो बायांचा हात एवढा दाबून राह्यला, तरी त्या वरडत कामून न्हाईत?"

पुंजारामनी पुढे हा किस्सा सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगितला. "आमच्या पोरीला भाकर उशिरा भेटली तर चालंल," ते म्हणायचे, "जबाब जल्दी पाह्यजे."

ही खोड मोठेपणी गेली नाहीच, उलट तिच्यावरच दीपमालाचं पोट चालू लागलं. समाजकार्याचं शिक्षण झालं, बदनापूरच्या सूरज मगरेशी लग्न झालं. सूरज तिथल्या शेती संशोधन केंद्रात कामाला होता. दीपमाला जालन्यात 'ओसरी' नावाच्या समुपदेशन केंद्रात लागली. घरात मार खाणाऱ्या बायका आणि त्यांची लेकरं, यांच्यासाठी हे केंद्र. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांनी भरलेल्या एका गल्लीत, बजरंगलाल शेठच्या दुकानावरची खोली केंद्राला मिळाली होती. खाली साड्यांचे गठ्ठे, ऑटोंचे भोंगे, गिऱ्हाइकांची ये-जा. वर दोन टेबलं, एक पडदा, भिंतीवर पोस्टर.

संस्थेच्या संभाजीनगरच्या कार्यालयातून एकदा निरोप आला : तालुक्यातालुक्यांत नव्या कार्यकर्त्या नेमायच्या आहेत, त्यांच्या हातात द्यायला एक संच तयार करा. दीपमालानं तो उत्साहानं केला. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सोप्या मराठीत लिहिला, १८१ आणि १०९८ हे मदतीचे नंबर मोठ्या अक्षरांत टाकले, संरक्षण अधिकारी काय करतो, आसरा कुठे मिळतो, लेकराशी बोलताना काय टाळायचं, सगळं घातलं. झाल्यावर तिनं तो दोनदा वाचला आणि तिचं तिलाच वाटलं, ह्यात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते मात्र सांगता येईना.

आणि त्याच दिवसांत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. तिचं टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं. जिन्यावर पावलं वाजायची, बांगड्या किणकिणायच्या, मग मध्येच आवाज थांबायचा. आता येईल, मग येईल, म्हणून दीपमाला पेन खाली ठेवून सरसावून बसायची. आणि तीच पावलं हळूच खाली उतरायची.

"घाबरतात बायका," केंद्रातली जुनी सहकारी म्हणाली. "हे असंच असतं."

'असंच असतं' म्हटल्यावर दीपमालाला चैन पडणं शक्य नव्हतं. घाबरणारी बाई घरूनच निघत नाही. ही निघते, बस नाहीतर रेल्वे पकडते, गल्ली शोधते, अर्धा जिना चढते. एवढं सगळं केलेली बाई उरलेल्या अर्ध्या जिन्याला का घाबरेल? तिथे असं काय आहे?

तिनं आधी जिना पाहिला. उभा होता, पण जालन्यातले सगळेच जिने उभे. अंधार होता म्हणून बल्ब लावला. भिंतीवर 'स्त्री अत्याचार निवारण' असा लाल पाटीचा तुकडा होता, तो काढून साधं 'ओसरी' लिहिलं. पावलं थांबायचीच.

मग एके दिवशी दुपारी घरी परतताना जालना स्टेशनवर तिला एक बाई दिसली. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, समोर मेथीच्या जुड्यांची रिकामी टोपली. दीपमालानं त्याच सकाळी हेच हिरवं लुगडं जिन्याच्या कठड्यावरून खाली जाताना पाहिलं होतं. ती जाऊन बाकावर तिच्या शेजारी टेकली. बाई केशरबाई, जवळच्याच खेड्यातली, जालन्यात भाजी विकायची. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मेथीचा भाव झाला. 'तुम्ही परत का गेलात' हे दीपमालानं विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"मावशी, आमचा जिना लई उभा हाय का हो?"

केशरबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटली. मग पदर तोंडाला लावून ती हसली. "जिना कसला उभा माय. खाली शेठ उभा आसतो ना."

"शेठ काही बोलले का?"

"न्हाई गं. लई भला मानूस. म्हनला, ये बाई, काय दाखवू. मी म्हनलं, वर जायचंय. मंग शेठ गप, दुकानातला पोरगा गप, लुगडं घेणाऱ्या बाया गप. सगळे माझ्या पाठीकडं पाहून राह्यले. आमच्या मालकाचं धोतर तिथूनच येतं. सांजच्याला त्याच्या कानावर जाईल, बायको वर गेल्ती. मंग घरी गेल्यावर काय सांगू? वर कशाला गेल्ते?"

गाडी आली, केशरबाई टोपली घेऊन निघून गेली. दीपमाला बाकावर तशीच बसून राहिली. अडचण जिन्यावर नव्हतीच, ती घरी द्यायच्या उत्तरात होती.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात न जाता खाली दुकानातच बसली. साडी बघायचा बहाणा केला. आपल्या जिन्याकडे जाणारी बाई दुकानातून कशी दिसते, हे तिला बघायचं होतं. मिथुन नावाचा विक्रेता तिच्यापुढे साड्यांचा ढीग लावत होता. गल्ल्याशेजारच्या गादीवर शेठच्या आई जमनाबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, डोक्यावर पदर, जपमाळ हातात. घराणं तीन-चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं; जमनाबाईंच्या बोलण्यात मराठी, हिंदी आणि मारवाडी एका ताटात वाढल्यासारखी.

बऱ्याच वेळानं जमनाबाई म्हणाल्या, "बेटा, तू साडी बघत नाहीस. तू जिना बघतेस."

दीपमाला चपापली. मग खरं ते सांगून टाकलं. बायका अर्ध्यावरून परत का जातात, याचा शोध लावतेय म्हणाली.

"त्यात शोध काय लावायचा?" जमनाबाईंनी माळ थांबवली. "बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. घरी सांगता येईल असं. देवळात चालले, दळण आणते, साडीला फॉल लावून आणते. तुझ्याकडे येण्यात असं काय आहे? तू वर फॉल-पिकोची मशीन टाक. मग बघ."

"मशीन टाकली तर चालवणार कोण, मांजी?"

"आमची रुचि चालवेल. पोत्याची, म्हणजे नातवाची, बहू. तिला बराबर येतं. दुपारी घरात बसूनच असते."

बजरंगलाल शेठना हे पटलं नाही. मोंढ्यात अर्पितची, म्हणजे त्यांच्या मुलाची, धान्याची आडत. दुकान एवढं चालतं. आणि घरची सून मशीन चालवणार? लोक काय म्हणतील? जमनाबाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याच दुकानावर बसेल. आपलीच साडी, आपलाच फॉल. लोक म्हणतील शेठ हुशार आहे." शेठना ही बाजू पटली. गिऱ्हाईक साडी घेऊन दुसरीकडे फॉल लावायला जाण्यापेक्षा हे बरं.

अशी मशीन आली आणि मशीनवर रुचि आली. वय तिशीच्या आत-बाहेर, हिंगोलीचं माहेर, गोरीपान, बोलायला अगदी मोजकी. बाहेरच्या भागात तिची मशीन, मध्ये पडदा, आत दीपमाला. आणि खरोखर पावलं वरपर्यंत येऊ लागली. हातात साडीची पिशवी, ओठांवर "फॉल लावायचाय." काहींना खरंच फॉल लावायचा असायचा. काही मशीनपाशी थोडं रेंगाळायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि विचारायच्या, "ती आतली बाई हाय का?" केशरबाई स्वतः एक जुनं लुगडं घेऊन आली. नऊवारीला कुणी फॉल लावत नाही, हे तिला आणि रुचिला दोघींनाही ठाऊक होतं. रुचिनं काही न बोलता ते घडी करून बाजूला ठेवलं आणि पडदा सरकवून धरला.

दीपमाला खूश होती, पण एक काळजीही होती. जागामालकाची सून पडद्याच्या पलीकडे. आतली गोष्ट खाली गेली तर? गल्लीभर व्हायला वेळ लागणार नाही. तिनं पहिले काही दिवस कान देऊन पाहिलं. बायका दबक्या आवाजात बोलायच्या. पण बोलता बोलता एखादीचा बांध फुटायचा. आणि दर वेळी, अगदी त्याच क्षणाला, बाहेर मशीन घरघरू लागायची. रडणं थांबलं की मशीन थांबायची.

असं इतक्या वेळा झालं की दीपमालाचं कुतूहल जागं झालं. एकदा आत एक बाई हुंदके देत असताना तिनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. रुचि पायानं मशीन जोरात चालवत होती. सुईखाली कापडच नव्हतं. सुई नुसती वरखाली होत होती, आणि रुचि डोळे मिटून बसली होती.

रडण्याचा आवाज खाली दुकानात जाऊ नये, म्हणून ती मशीन रिकामी पळवत होती.

दीपमालाची काळजी मिटली. पण त्या जागी नवा प्रश्न येऊन बसला. हे हिला सुचलं कसं? आपण इतकी शिबिरं केली, संच लिहिला, रडण्याचा आवाज कुठवर जातो हे आपल्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हे ज्याच्या त्याच्या डोक्यात येत नाही. ज्या घरात आवाज लपवावा लागतो, तिथल्याच माणसाला हे सुचतं.

तिनं रुचिला काही विचारलं नाही. नोकरीनं तिला एवढं शिकवलं होतं की प्रश्न मनात आला म्हणून तो तोंडावर आणायचा नसतो. जेवणाचा डबा ती रुचिच्या मशीनपाशी बसून खाऊ लागली, इतकंच.

रुचिची मुलगी कनिका शाळा सुटली की वर यायची. तिसरीत होती. दप्तर ठेवायची आणि मशीनखाली पडलेल्या चिंध्या वेचत बसायची. फार शहाणी मुलगी, सगळे म्हणायचे. आवाज नाही, हट्ट नाही. तिचा एक खेळ होता. जिन्यावर पावलं वाजली की मान वर न करता सांगायची, कोण येतंय.

"मिथुनकाका. हातात गठ्ठा आहे."

मिथुन गठ्ठा घेऊन यायचा.

"दादीजी. गुडघा दुखतोय आज."

जमनाबाई कठडा धरून, गुडघा चोळत यायच्या.

दीपमालाला मोठी गंमत वाटली. ती मुद्दाम खाली जाऊन पावलं बदलून चढून यायची, कधी चपला हातात घेऊन. कनिका चुकायची नाही. "दीपमाला आंटी, फसवता काय!"

एक दिवस खेळ चालू असतानाच दीपमालानं सहज म्हटलं, "एवढं बारीक कसं गं ओळखतेस? मला तर आमच्या सूरजकाकांचा पाय अजून ओळखू येत नाही."

कनिका चिंध्यांतली निळी चिंधी वेगळी काढत म्हणाली, "पप्पांचा पाय सगळ्यात अवघड आहे. बाकीच्यांचा रोज एकच असतो. पप्पा रोज वेगळे येतात."

"वेगळे म्हणजे?"

"हळू आले तर चांगलं. जल्दी आले तरी चांगलं. टाच वाजवत आले, की मग नाही चांगलं."

दीपमालानं चेहरा हलू दिला नाही. लेकरू बोलत असलं की त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हे तिनं स्वतःच संचात लिहिलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मग तू काय करतेस?"

"टीव्ही मोठा करते. शेजारच्यांना ऐकू नाही जायला पाहिजे ना." आणि कनिका पुढची चिंधी शोधू लागली.

मशीन बंद पडली होती. रुचि उठली, दप्तर उचललं, पोरीचा हात धरला. "काहीही बडबडते," ती दीपमालाकडे न बघता म्हणाली. "कार्टून बघून बघून." आणि जिना उतरून गेली.

पुढचे काही दिवस रुचि आली नाही. दीपमालाला झोप लागेना. आपण विचारायला नको होतं का? की आधीच विचारायला हवं होतं? सूरजला नाव-गाव न सांगता ती एवढंच म्हणाली, "एक पोरगी पायाच्या आवाजावरून माणूस वळखते." सूरज म्हणाला, "हुशार हाय." दीपमाला म्हणाली, "न्हाई हो. सावध हाय."

दरम्यान तिनं संस्थेला कळवून ठेवलं, की एका लेकराबद्दल काळजी वाटते आहे आणि घर जागामालकाचं आहे. संभाजीनगरच्या वरिष्ठ बाईंचा लगेच फोन आला. म्हणाल्या, "जागा गेली तर दुसरी शोधू. तुम्ही तुमचं काम करा. आणि त्या बाईच्या आधी धावू नका."

रुचि सोमवारी आली. मशीनवर बसली नाही. सरळ पडदा सरकवून आत आली आणि इतर बायका बसतात त्या खुर्चीवर बसली.

"मला सगळं पाठ आहे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही आधी पाणी विचारता. मग म्हणता, इथलं बोलणं इथंच राहील. मग म्हणता, चूक तुमची नाही. बाहेर बसून मी इतक्यांदा ऐकलं. घरी भांडी घासताना मीच मला सांगून पाह्यलं. पण माझ्या तोंडानं माझं बोलणं होईना."

"मग आज?"

"कनिका म्हणाली, मम्मी, मी चुकीचं बोलले का? मी म्हटलं, नाही. मग ती म्हणाली, मग आपण तिकडे का जात नाही?" रुचिनं दीपमालाकडे पाहिलं. "त्याला काय जबाब देऊ?"

ती बोलत गेली. अर्पित शिकलेला, बाहेर सगळ्यांशी गोड. मोंढ्यात काही बिनसलं की घरी हात उचलायचा. माहेरी फोन केलेला चालायचा नाही. एकटीनं बाहेर जायची बंदी. एकदा हात मोडला, तेव्हा दवाखान्यात पाय घसरला म्हणून सांगितलं. कनिकाला त्यानं कधी मारलं नव्हतं. पण दाराआड उभी राहून तिनं सगळं पाहिलं होतं. मध्ये एकदा आईच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा भिंतीवर जाऊन आदळली.

"घरात कुणाला माहीत आहे?" दीपमालानं विचारलं.

"दादीजींना. त्यांनीच तर मला इथं पाठवलं."

"म्हणजे मशीन...?"

"दादीजी वर्षभर बघत होत्या, मला तुमच्यापर्यंत कसं आणायचं. 'ओसरीत जाते' म्हटलं असतं तर ह्यांनी जाऊ दिलं असतं का? पण आपल्याच दुकानावर, आपलीच मशीन. त्याला नाही कसं म्हणणार?"

दीपमाला थक्क होऊन बसली. सगळ्या बायकांसाठी म्हणून तिनं जी युक्ती उचलली, ती म्हातारीनं एका बाईसाठी रचली होती. रुचिची परवानगी घेऊन तिनं त्याच संध्याकाळी जमनाबाईंना वर बोलावलं. गुडघा धरत त्या चढल्या, खुर्चीत बसल्या, आणि दीपमालानं मनात घोळत असलेला प्रश्न विचारलाच.

"मांजी, तुम्ही मला सरळ का नाही सांगितलं?"

"सरळ?" जमनाबाई म्हणाल्या. "सरळ मी बजरंगला सांगितलं. तो म्हणाला, मां, नवरा-बायकोचं आहे, तू पूजा कर. सरळ मी अर्पितला सांगितलं. त्यानं माझ्या पाया पडून माफी मागितली, आणि त्याच आठवड्यात हिचा हात मोडला. तुला सांगितलं असतं तर तू घरी आली असतीस, दार वाजवलं असतंस. मग ही म्हणाली असती, तसं काही नाही. खरं का नाही?"

रुचिनं मान खाली घातली. खरं होतं.

"तिला आधी ऐकू देत म्हटलं," जमनाबाई म्हणाल्या. "अशा अजून किती आहेत, आणि त्या काय करतात, ते."

पुढचं सगळं रुचिच्या मनाप्रमाणे, तिच्या वेगानं झालं. दीपमालानं तिच्यासमोर सगळे रस्ते मांडले : माहेरी जायचं, आसऱ्याला जायचं, की आहे त्याच घरात संरक्षण मागायचं. जागामालकाचं प्रकरण म्हणून तिनं स्वतः बाजूला होऊन संरक्षण अधिकारी बाईंशी गाठ घालून दिली. पण पहिल्या भेटीला रुचिचा हात धरून बसली तीच. रुचिला घर सोडायचं नव्हतं. "माझ्या पोरीनं शाळा का सोडायची?" ती म्हणाली. "तिनं काय केलंय?"

रुचिच्या अर्जाची नोटीस घरी गेली त्या दिवशी बजरंगलाल शेठ स्वतः जिना चढून आले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा वर आले होते. रागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर धक्का जास्त होता.

"मॅडम, मी तुम्हाला जागा दिली. आणि तुम्ही माझ्याच घराला आग लावली?"

दीपमालाला ते लागलं. शेठ वाईट माणूस नव्हता. ती एवढंच म्हणाली, "शेठजी, तुमची नात घरात टीव्ही मोठा का करते, हे तुम्ही तिला एकदा विचारा."

"टीव्हीचा काय संबंध?"

"मला नका विचारू. तिला विचारा."

शेठनी विचारलं की नाही, कुणाला कळलं नाही. पण अर्पित घरी येऊन तमाशा करू लागला, तेव्हा गोष्ट उंबऱ्यातच अडली. जमनाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पोलिसांना रुचिनं आधीच फोन केला होता. जमनाबाई म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे, अर्पित. तू ह्या घरात वाढलास, मीच वाढवलं, लाडानं वाढवलं. ते माझं मी बघेन. बहू आणि पोरगी इथं राहतील. तू मोंढ्यावर राहा." अर्पित बापाकडे बघू लागला. बजरंगलाल शेठ कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी अर्पितकडे पाठ केली. मग दुकानातून आलेल्या मिथुनला म्हणाले, "ह्याची बॅग मोंढ्यावर पोचती कर."

न्यायालयाचा हुकूम नंतर आला. अर्पितनं घराकडे फिरकायचं नाही, मुलीला भेटायचं ते अधिकाऱ्यांच्या समोर. लोक म्हणतात तसं सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. शेठ कित्येक महिने सुनेशी बोलले नाहीत. जेवणाचा डबा दुकानात मागवायचे. रुचिच्या माहेरचे म्हणाले, सांभाळून घ्यायचं होतं. अर्पित अधूनमधून दुसऱ्या नंबरावरून फोन करायचा, रडायचा, धमकवायचा. खटला अजून चालूच आहे.

आणि केंद्राचं काय झालं? शेठनी जागा काढून घेतली नाही, आईपुढे त्यांचं चाललंही नसतं. पण पावलं पुन्हा अर्ध्यावर थांबू लागली. गल्लीत चर्चा झाली होती. "वर गेली की केस होते" असं बायकांच्या घरी बोललं जाऊ लागलं. फॉल लावायला जाते, हे कारण आता घरी चालेना. दीपमाला पुन्हा शोधाला लागली. या वेळी फार हिंडावं लागलं नाही. दोन गल्ल्या सोडून एक पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागे एक खोली. दळण घेऊन येणारी बाई कुणालाही संशयास्पद वाटत नाही, नंबर लागेपर्यंत तिला थांबावंच लागतं, आणि चक्की चालू असली की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. केंद्र तिकडे हललं.

संच तिनं नव्यानं लिहिला. संभाजीनगरच्या वरिष्ठ बाईंनी तो उघडला, तर सुरुवातीला कायदा नव्हता, नंबरही नव्हते. सुरुवातीला होते प्रश्न. तुमच्या केंद्राकडे येताना बाई कुणाकुणाच्या दारावरून येते? घरी गेल्यावर ती काय सांगेल? आतलं रडणं कुठवर ऐकू जातं? एखादं लेकरू फारच शहाणं वाटत असेल, तर ते कशामुळे शहाणं झालंय? आणि खाली लिहिलं होतं : ह्यांची उत्तरं दुसऱ्या गावाची चालत नाहीत, स्वतः जाऊन बसा आणि बघा.

घनसावंगीला नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर झालं, तेव्हा दीपमालानं त्यांना खुर्च्यांवर बसूच दिलं नाही. प्रत्येकीला बाजारात पाठवलं. "आज आपुन मार खाऊन आलेली बाई हावोत असं समजा," ती म्हणाली, "आणि ह्या खोलीपर्यंत या. वाटेत कुणी कुणी पाह्यलं ते मला सांगा." पोरी परत आल्या तेव्हा एकमेकींच्या आधी बोलायची त्यांची घाई चालली होती. एकीला तिचा चुलत सासरा भेटला होता, आणि ती घाबरून खरोखर मिरच्या घेऊन घराच्या वाटेला लागली होती.

रुचिला तिनं विचारलं होतं, हे काम करशील का म्हणून. रुचि म्हणाली, "अजून नाही, ताई. दुसरीचं ऐकलं की माझे हात गार पडतात. मशीन बरी." शेठच्या दुकानावरची ती खोली आता तिची आहे. दोन मुली हाताखाली घेतल्या आहेत.

परवा दीपमाला तिला तिथे भेटायला गेली, तर रुचि कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गं?"

"ही कनिका! पाचवीत गेली आणि डोक्यावर बसली. काल भाजीवरून ताट ढकललं, दार धाडकन आपटलं, वर मलाच म्हणते, तू ओरडू नकोस, मी पण ओरडेन. दादीजींना सांगितलं तर त्या हसतात. तुम्ही तरी समजवा तिला."

पडद्यामागून कनिकाचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हां!" केवढा मोठा आवाज. खाली दुकानातल्या बायकांनी वर पाहिलं असेल.

दीपमालानं समजवायचं कबूल केलं. पण आत गेल्यावर तिनं त्या भाजीबद्दल एक शब्द काढला नाही. पोरीच्या शेजारी बसली आणि तिला विचारलं, "मला सांग, दार आपटलंस तेव्हा कसं वाटलं?"

कनिकानं थोडा विचार केला. "भारी," ती म्हणाली.